दाराने काय विचारावं?

माणसाला आत घ्यायचं की परत पाठवायचं हे ठरवताना दाराने त्याला काय विचारावं? हा प्रश्न मला पोथीत भेटला नाही. तो देऊळगाव राजा तालुक्यात, जिल्ह्याच्या सीमेवर भेटला. संत चोखामेळ्यांचं जन्मगाव म्हणून परंपरा ज्या गावाचं नाव सांगते, ते मेहुणा राजा आमच्याच तालुक्यात आहे. देऊळगाव मही इथे खडकपूर्णेवर धरण झालं, त्या जलाशयालाही आम्ही संत चोखासागर म्हणतो. ज्याला देवळाचं दार उघडलं नाही त्याचं नाव आम्ही अथांग पाण्याला दिलं. २०२० च्या उन्हाळ्यात जालना आणि बुलडाणा जिल्ह्यांमधली हद्द बंद झाली, तेव्हा जिल्हा परिषदेचा शिक्षक म्हणून माझी ड्यूटी नाक्यावर लागली. पोलीस गाडी थांबवायचे, आरोग्य खात्याच्या ताई कपाळासमोर तापमापक धरायच्या, आणि मी नोंदवहीत नाव, गाव, कुठून आला, कुठे चालला आणि कशासाठी चालला हे लिहायचो.

‘कशासाठी’ हा रकाना मला अजून सोडत नाही.

त्या रस्त्याने जालन्याची गळवाली मंडळी यायची. मोटारसायकलला कापडात गुंडाळलेल्या काठ्या, डब्यात गांडुळं, पिशवीत कणकेचा गोळा. मी स्वतः लहानपणापासून गळ टाकून बसणारा माणूस, म्हणून त्यांची ओढ मला समजत होती. रोहू किंवा मरळ घरी न्यायची हाव त्यात थोडी असते. जास्त असतं ते पाण्याकडे बघत बसणं, दोरीला लागलेला बारीक हिसका बोटाने ओळखणं, तासन्‌तास कुणाशी न बोलता जगाशी बोलणं. एक जण कळकळीने म्हणाला, “गुरुजी, मोकळ्या पाण्यावर कोन कोनाला भेटतंय? सकाळी बसतो, दिवस मावळायला माघारी.” त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तरी त्याच्याकडे पास नव्हता, आणि पास मागितला असता तर ‘कशासाठी’ या प्रश्नाला पटेल असं उत्तरही नव्हतं. तो परत गेला.

त्याच जलाशयावर भोई समाजाची माणसं होडीतून जाळी टाकत होती आणि त्यांना कुणी अडवत नव्हतं. १० एप्रिल २०२० ला केंद्राच्या गृह मंत्रालयाने टाळेबंदीतून मासेमारीला आणि मासळीच्या विक्रीला सूट दिली होती. पाणी एक, मासा एक. एकाला मोकळीक, दुसऱ्याला मनाई. वरवर बघणाऱ्याला हा भेदभाव वाटेल. मला तो न्याय वाटला, आजही वाटतो. जाळं टाकणाऱ्याच्या घरची चूल त्या पाण्यावर पेटते, गळ टाकणाऱ्याच्या घरची नाही. नियमाने दोघांची जात विचारली नाही, नाव विचारलं नाही. त्याने गरज विचारली, आणि गरजेप्रमाणे वाट दिली.

आता चोखोबांचं दार आठवून पाहावं. पंढरपूरला विठ्ठलाच्या महाद्वारासमोर ते उभे राहिले, तेव्हा त्यांना कशासाठी आलास असं विचारलं गेलं नाही. कोण आहेस एवढंच विचारलं गेलं, आणि त्या उत्तरावर सगळा निकाल लागला. त्यांची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, घरातलं माणूस न्‌ माणूस अभंग रचणारं. भक्तीचा दाखला यापेक्षा मोठा कुठून आणायचा? तरी दार बंदच. पुढे मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर असताना ते कूस कोसळलं आणि चोखोबा त्याखाली गेले. ते साल १३३८ मानतात. ज्या भिंतीच्या आत राहायची मुभा त्यांना नव्हती, ती भिंत बांधायला मात्र त्यांचे हात चालले, आणि शेवटी त्याच भिंतीने त्यांचा जीव घेतला. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी दिली. मेल्यानंतरही जागा मिळाली ती दाराबाहेरच. ते दार उघडायला मे १९४७ उजाडावा लागला, साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये अस्पृश्यांवरचा आपला इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला. सहाशे वर्षांचा हिशेब त्या एका अर्पणपत्रिकेत आहे.

कोरोनाच्या काळात देवळं बंद झाली तेव्हा कीर्तनकारांच्या, चांगल्या जाणत्या माणसांच्या तोंडून एक वाक्य ऐकू यायचं: आता आपण सगळेच चोखोबा झालो. २०२० ची आषाढी १ जुलैला होती. संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि वारकरी घरी राहिला. शेगावहून गजानन महाराजांची पालखी २०२० मध्ये निघाली नाही, २०२१ मध्येही नाही. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत आषाढाच्या तोंडावर पायांना चालल्याशिवाय राहवत नाही, ती घरं त्या दोन वर्षांत अंगणात फेऱ्या मारत होती. त्यांचं दुःख मी पाहिलं आहे, ते हलकं करण्याचा माझा हेतू नाही. पण आपण चोखोबा झालो हे म्हणणं मला मान्य नाही. आपल्याला माहीत होतं की दार उघडणार आहे. १६ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळीच्या पाडव्याला, ते उघडलंही. पुन्हा बंद झालं आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेला, पुन्हा उघडलं. आपल्यासाठी बंद होतं तसं ते गावच्या पाटलासाठीही बंद होतं. आणि बंद कशासाठी, हे शेंबड्या पोरालाही सांगता येत होतं. चोखोबांच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. त्यांचं दार फक्त त्यांच्यासाठी बंद होतं, कायमचं बंद होतं, आणि त्याला कारण म्हणून त्यांचा जन्म पुढे केला जात होता. आपली काही महिन्यांची अडचण आणि त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वंचना एका तराजूत घालणं हा त्यांच्यावर दुसरा अन्याय आहे.

‘देव सगळीकडे आहे, देवळात जायचं काय अडलंय’ हा उपदेशही तेव्हा फार झाला. देव सगळीकडे आहे यावर माझी पूर्ण श्रद्धा आहे. चोखोबांच्या घरी पांडुरंग स्वतः जेवायला आल्याच्या, त्यांच्याबरोबर मेलेली ढोरं ओढल्याच्या कथा आमच्याकडे आयाबाया डोळ्यांत पाणी आणून सांगतात. पण हे वाक्य कोण कुणाला म्हणतो त्यावर त्याचं मोल ठरतं. बाहेर उभा असलेला ते स्वतःशी म्हणतो तेव्हा ती भक्ती असते. किल्ली हातात असलेला ते बाहेरच्याला ऐकवतो तेव्हा ती दार न उघडण्याची सबब होते. वारकऱ्याने शेजाऱ्याचा श्वास चालू राहावा म्हणून स्वतःचं चालणं थांबवलं, याला मी धर्म म्हणतो. तीच गोष्ट त्याला हुकूम म्हणून तुच्छतेने ऐकवली, तर धर्माचा अंश त्यातून निघून जातो.

इथवर सगळं सरळ वाटतं: जात विचारणारं दार वाईट, सगळ्यांना सारखं लागू होणारं दार चांगलं. नाक्यावर उभं राहिल्यावर हे इतकं सरळ राहत नाही. त्याच रस्त्याने डोक्यावर बोचकी घेतलेली, कडेवर लेकरं असलेली माणसं चालत यायची. कुणी ऊसतोडीवरून, कुणी पुण्या-मुंबईच्या बांधकामावरून. पास नव्हता, कारण पास काढायला लागणारा मोबाइल नव्हता, असला तर त्यात बॅलन्स नव्हता. एक बाई म्हणाली, “बापू, कागद कुठून आनू? घर हाये माझं तिकडं.” गळ घेऊन आलेल्या शौकिनाला आणि घराकडे निघालेल्या त्या बाईला नियम एकच कागद मागत होता. ही समता होती, पण आंधळी समता. सगळ्यांना एकच प्रश्न विचारला म्हणजे सगळ्यांना न्याय मिळाला असं होत नाही. वर्गातल्या सगळ्या मुलांना एकाच मापाचे बूट वाटले तर निम्मी मुलं अनवाणीच चालणार. त्या बाईला आधी पाणी दिलं, शाळेच्या व्हरांड्यात सावलीला बसवलं, तपासणी झाली, नाव वहीत चढलं आणि अलगीकरणाची सोय करून तिला तिच्या गावी पोचवलं गेलं. तिथे असलेल्या पोलीसदादांनी आणि आरोग्याच्या ताईंनी कागदापलीकडे पाहायचं ठरवलं, म्हणून ते घडलं.

गरज बघा, एवढं म्हणूनही प्रश्न मिटत नाही, कारण एकाचा शौक ही दुसऱ्याची भाकरी असते. कॅनडाने मार्च २०२० मध्ये अमेरिकेकडची हद्द बिनगरजेच्या प्रवासाला बंद केली. मालाचे ट्रक चालू राहिले; मासे धरायला जाणारे हौशी अमेरिकन थांबले. उत्तर ओंटारियोच्या सरोवरांकाठची विश्रामगृहं, होड्या, वाटाडे यांचा सगळा व्यवहार या पाहुण्यांवर चालतो. ९ ऑगस्ट २०२१ ला दोन्ही डोस घेतलेल्या अमेरिकनांना वाट मोकळी झाली, तीही ७२ तासांच्या आतली चाचणी आणि अ‍ॅपवर भरलेली माहिती दाखवून. तिथेच अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याचा नॉर्थवेस्ट अँगल नावाचा एक तुकडा आहे. जमिनीवरून तिथे जायचं तर कॅनडातूनच जावं लागतं. तिथल्या लोकांनी २०२१ च्या हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरावरून बर्फाचा रस्ता तयार केला, म्हणजे मासे धरणारे पाहुणे हद्द न ओलांडता येतील. पाहुण्यासाठी ती हौस होती, यजमानासाठी तो संसार होता.

आमच्याकडेही हेच झालं. होळीच्या सुमारास भरणारी सैलानी बाबांची यात्रा २०२० मध्ये रद्द झाली. तिथे नारळ, चादरी, खेळणी विकून वर्षभराची तजवीज करणारी माणसं रिकाम्या हाताने बसली. शेगावला देऊळ बंद म्हणजे लॉज बंद, रिक्षा बंद, कचोरीची कढई थंड. यात्रा थांबवणं बरोबर होतं. गर्दीत आजार कसा फिरतो हे पुढच्या वर्षी सगळ्या देशाने पाहिलं. पण ज्याची कढई आपण सगळ्यांच्या भल्यासाठी थंड केली, त्याच्या घरी दोन वेळचं पोचवणं ही दार बंद करणाऱ्यांची जबाबदारी होती. त्याग एका माणसाकडून घ्यायचा आणि त्याचं पुण्य सगळ्यांनी वाटून घ्यायचं, हा धर्माचा व्यवहार होऊ शकत नाही.

म्हणून मला दारासाठी काही नेम सुचतात, आणि मी ते शाळेत मुलांनाही सांगतो. दाराने माणसाला जन्म विचारू नये, कारण जन्म कुणी निवडलेला नसतो आणि बदलता येत नाही. दाराने माणसाला हेतू विचारावा, गरज विचारावी, सोबत आजार येतोय का ते तपासावं, कारण यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर उद्या बदलू शकतं आणि माणूस आत येऊ शकतो. मे २०२१ मध्ये राज्यात येणाऱ्याला ४८ तासांच्या आतला आरटी-पीसीआर अहवाल मागितला जात होता. आज परत गेलेला माणूस परवा तो घेऊन येऊ शकत होता. चोखोबांना असा कोणता अहवाल आणता आला असता? दार कधी उघडणार हे दारावर लिहिलेलं असावं. आणि दाराशी नुसता अडसर नको, माणूस हवा. कागद अपुरा पडला तर तोंडचं ऐकून घेण्याचा अधिकार असलेला माणूस. या सगळ्यात मला हा नेम सर्वांत मोठा वाटतो. कारण गरज ही गोष्ट फॉर्मच्या रकान्यात बसत नाही, ती चेहऱ्यावर दिसते, आवाजात ऐकू येते, आणि ती ओळखायला समोर दुसरा माणूसच लागतो.

साथी पुन्हा येतील, हद्दी पुन्हा बंद होतील, आणि काही वेळा त्या बंद करणं हेच पुण्याचं काम असेल. तेव्हा नाक्यावर उभं राहणाऱ्या प्रत्येकाने, मग तो शिक्षक असो, शिपाई असो की पुजारी, समोरच्याला कोण आहेस म्हणून तोलू नये. तुला काय हवंय असं विचारावं आणि उत्तर पुरतं ऐकावं. परत पाठवावं लागलं तर का आणि कधीपर्यंत, हे त्याच्या डोळ्यांत बघून सांगावं. चोखोबांच्या तालुक्यात जन्मलेल्या आम्हा लोकांवर तर हे ऋणच आहे.