सुई परत कशी येते

चि. भाचेबुवांस,


तुझ्या नव्या यंत्राचा फोटो आला. करडी पेटी, मधोमध सुईचा मीटर, डावी-उजवीकडे एकेक जाडजूड नॉब. एलए-टूए कॉम्प्रेसरची हुबेहूब नक्कल. ताईचा फोन त्याआधीच येऊन गेला होता. चार महिन्यांचा पगार एका पेटीत घातलास आणि हे खूळ माझ्याकडूनच तुझ्या डोक्यात शिरलं, असं तिचं म्हणणं. दुसरा आरोप मला मान्य आहे.

तू विचारलंस, "मामा, सेटिंग काय ठेवू?" ते सांगण्याआधी एक काम कर. पेटी उलटी करून मागे व्होल्टेजचा खटका आहे का ते बघ. परदेशातून आलेली यंत्रं कधीकधी ११५ वर ठेवलेली असतात आणि आपल्या भिंतीतून २३० येतात. अर्थिंग धड आहे ना, तेही इलेक्ट्रिशियनकडून पाहून घे, नाहीतर प्रत्येक गाण्याखाली भुंगा गुणगुणत राहील. आणि कुतूहल म्हणून झाकण उघडू नकोस. आत व्हॉल्व्ह आहेत, त्यांना शेकडो व्होल्ट लागतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज दबा धरून असते. मला तिने एकदा कोपरापर्यंत झिणझिण्या आणल्या होत्या.

आत काय आहे ते मीच सांगतो. अमेरिकेत जिम लॉरेन्स नावाच्या इंजिनिअरने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हे यंत्र बनवलं. त्याची करामत एका छोट्या बंद डबीत आहे. डबीत वीज लागली की उजळणारी एक पट्टी आणि तिच्यासमोर प्रकाश पडला की रोध कमी होणारा कॅडमियम सल्फाइडचा तुकडा. गायकाने आवाज चढवला की पट्टी उजळते, समोरचा रोध घटतो, आवाजाचा काही भाग बाजूला वळवला जातो आणि बाहेर येणारी पातळी उतरते. गायक शांत झाला की उजेड मंदावतो आणि पातळी पूर्ववत होते. म्हणजे तुझ्या पेटीत प्रत्येक ओळीला एक दिवा लागतो आणि विझतो, आणि तो कुणालाही दिसत नाही. इतकी वर्षं झाली, तरी मला याची गंमत वाटते.

पूर्वी हे काम आम्ही हाताने करायचो. फेडरवर बोट, डोळे काचेपलीकडच्या गायकाच्या छातीकडे. त्याने श्वास भरला की तान येणार हे ओळखून फेडर केसभर खाली घ्यायचा. टेपवर खाली कायमची खरखर आणि वर आवाज फाटण्याची भीती, मध्ये जेमतेम ६०-७० डेसिबलची जागा. त्या गल्लीतून गाणं सुखरूप न्यायचं म्हणजे कसरत होती. कॉम्प्रेसर हा त्या बोटाचा मदतनीस. त्याच्या घराण्याची सुरुवात रेडिओत आणि तबकड्या कापण्याच्या खोलीत झाली, कारण एक मोठा ठोका आला की तिथे ट्रान्समीटर किंवा खाच बिघडायची.

आता मुद्द्याचं. नवखा माणूस कॉम्प्रेसर आवाज किती दाबतो तेच बघतो. तू तो आवाज सोडतो कसा ते ऐक. लहानपणी गच्चीवर पतंग उडवायचास तेव्हा खेच कुणालाही जमायची, ढील द्यायला मात्र तू मलाच हाक मारायचास, आठवतं ना? एलए-टूएची सगळी जात तिच्या ढील देण्यात आहे. दाबलेल्या पातळीपैकी साधारण अर्धी ती सेकंदाच्या सोळाव्या-सतराव्या हिश्शात परत करते आणि उरलेली सावकाश, काही सेकंद घेऊन. शिवाय त्या डबीला स्मरण असतं. आवाज बराच वेळ आणि जोरात आला असेल तर ती आणखी हळू सावरते, भर उन्हातून माजघरात आल्यावर आपले डोळे सावरतात तशी. माणसाच्या गळ्यावर ही पेटी शोभते ती यामुळे.

तीच पेटी ढोलकीवर लावून बघ. पकडायला तिला सुमारे १० मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात चाटेवरची थाप केव्हाच निसटून गेलेली असते आणि दाबली जाते ती मागची आस. तिथे बिल पुटनमचं ११७६ लागतं. १९६७ च्या सुमाराचं ते यंत्र ट्रान्झिस्टरवर चालतं आणि २० मायक्रोसेकंदांत झडप घालतं. त्याचा ॲटॅकचा नॉब उलटा आहे, उजवीकडे फिरवाल तितका वेगवान. भलेभले त्यात फसतात, मीही आठवडाभर फसलो होतो. आणि पैसे साठवायला लगेच सुरुवात करू नकोस, ताई मला घरात घेणार नाही.

सव्विसाव्या वर्षी केलेली एक चूक तुला सांगायची राहून गेली आहे. एका छोट्या स्टुडिओत अभंगांची कॅसेट होती. गायला एक वयस्कर बुवा, साथीला बाजाची पेटी, पखवाज, टाळ आणि दोन तानपुरे, सगळे एकाच खोलीत. मला नुकताच कॉम्प्रेसर हाताळायला मिळाला होता. सुई पार डावीकडे झोपेपर्यंत मी दाबलं आणि टेपवर तसंच उतरवलं. मीटर इतका शिस्तीत चालला होता की मी खूश. रात्री ऐकायला बसलो. बुवा श्वासाला थांबले की तानपुरे भरतीसारखे वर यायचे, शब्द सुरू झाला की खाली दडपले जायचे. पेटीच्या भात्याचा फसफसाट पुढच्या रांगेत येऊन बसला होता. बुवा सगळं ऐकून म्हणाले, "पोरा, या ओळीला मी देवाशी हळू बोललो होतो. तू ते चव्हाट्यावर आणलंस."

पखवाजवाले रात्रीच्या गाडीने पंढरपूरला निघून गेले होते, पुन्हा रेकॉर्डिंग शक्य नव्हतं. कॅसेट तशीच बाजारात आली. माझ्याकडे तिची एक प्रत आहे, मी ती लावत नाही.

तुझ्यावर ती वेळ यायचं कारण नाही. २४ बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये खरखरीची भीती उरलेली नाही, तेव्हा गळा आधी स्वच्छ, थोडी हातची पातळी राखून उतरव आणि मग इंटरफेसमधून बाहेर काढून पेटीतून फिरवून परत घे. चुकलास तरी मूळ शाबूत. गाताना गायकाच्या हेडफोनमध्ये मात्र थोडं कॉम्प्रेशन जरूर दे. स्वतःचा हळू सूर त्याला नीट ऐकू आला की तो ओरडत नाही.

आणि नियम मोडायचा तर जाणूनबुजून मोड. १९६६ मध्ये लंडनच्या ॲबी रोडवर बीटल्सच्या 'टुमॉरो नेव्हर नोज'साठी इंजिनिअर जेफ एमेरिकने रिंगोचा ड्रम फेअरचाइल्ड ६६० कॉम्प्रेसरमधून असा काही पिळला की झांजा श्वास घेतल्यासारख्या आत ओढल्या जातात. माझ्या तानपुऱ्यांचं झालं तेच, फक्त त्याला ते हवं होतं. एमेरिक तेव्हा वीस वर्षांचा होता, तुझ्याहून तीनने लहान. उगाच सांगितलं.

तुझा मित्र म्हणतो की हेच काम संगणकातलं प्लगइन फुकटात करतं. त्याच्याशी वाद घालू नकोस. गेल्या दिवाळीत डोळे मिटून ऐकलं तेव्हा पूर्ण गाण्यात मला फरक सांगता आला नव्हता. तुझ्या पेटीचा फायदा माझ्या मते वेगळा आहे. तिला पडदा नाही, आलेख नाही, आकडे जवळपास नाहीत. पीक रिडक्शनने किती दाबायचं, गेनने किती भरून काढायचं, बस्स. कानाला दुसरीकडे पळायला जागाच नाही.

सुरुवात सांगतोच, नाहीतर पुन्हा फोन करशील. पेटी अर्धा तास आधी सुरू करून तापू दे. गायकाची सगळ्यात जोरकस ओळ लाव आणि सुई तीन ते पाच डेसिबल मागे जाईल इतकंच पीक रिडक्शन दे. मग मीटरवर रुमाल टाक आणि फक्त ओळींमधल्या फटी ऐक. तिथे खोली वर आली, पंख्याची घरघर वाढली, श्वास मोठा झाला, तर मागे ये.

यंत्रातून गेलेला आवाज थोडा मोठा होतो आणि मोठं ते कानाला चांगलंच वाटतं. या लबाडीवर दुकानं चालली आहेत. म्हणून गेन असा लाव की यंत्राआधीची आणि नंतरची पातळी सारखी ऐकू येईल. तशा दोन फाइली मला पाठव. नावं 'अ' आणि 'ब' एवढीच ठेव, कुठली कशातून गेली ते लिहू नकोस. मामीलाही ऐकवतो. तिला यातलं काही कळत नाही असं ती म्हणते, पण बुवांच्या त्या कॅसेटमधले तानपुरे सगळ्यात आधी तिनेच पकडले होते.

तुझा,
मामा