रात्रीचा चोर

माझ्या मावसभावाचं लग्न जवळजवळ ठरलं होतं. नगरच्या एमआयडीसीत कायम नोकरी, थोडी बागायत. मुलीच्या मामांनी विचारलं, “दारू?” नाही. “तंबाखू?” नाही. “मग रात्री दोनपर्यंत जागून करतो काय?” हा सरळ बोलला, “रोल प्लेइंग गेम खेळतो. त्यात मी चोर आहे.” स्थळ गेलं. (दारू असती तर कदाचित टिकलं असतं.)

असा गेम खेळणारा म्हटलं की एकलकोंडा, चष्मिस, जगातून पळालेला पोरगा डोळ्यांसमोर येतो. 1974 साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला, तो तर एकट्याने खेळायचा खेळच नव्हता. टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट पुढे न्यायची, बाकीच्यांनी आपापलं पात्र व्हायचं. तरी 1980च्या दशकात तिथल्या कित्येक आईबापांना वाटलं, पोरं आता सैतानाला पूजणार.

सोंग आपल्याला नवं नाही. अकोले तालुक्यातल्या आदिवासी गावांत बोहाडा होतो. संबळाच्या तालावर देव नाचतात, राक्षसही नाचतात. रावणाचा मुखवटा घातलेल्या माणसाकडून दुसऱ्या दिवशी लोक बिनधास्त उसनं बियाणं नेतात. मुखवट्याच्या आधीपासून गाव त्याला ओळखत असतं ना.

तमाशातल्या बाईला ही सवलत मिळाली नाही. संगमनेरच्या कांताबाई सातारकर 2021 साली गेल्या. वगात त्यांनी पुरुषांच्या भूमिकाही गाजवल्या, अगदी शिवाजी महाराजांचीही. पण फडातली बाई राजा झाली म्हणून कुणी तिला शूर धरलं नाही. लावणी केली म्हणून ‘तसली’ मात्र लगेच धरलं. चांगली भूमिका केली तर तो अभिनय, वाईट केली तर तो स्वभाव! आमचा भाऊ गेममध्ये वैद्य असता, तर मामांनी त्याला दयाळू म्हटलं असतं का? मला नाही वाटत.

मग भूमिकेतून माणूस कळतच नाही? असंही मी म्हणणार नाही. शंभर पात्रांतून एक निवडताना आतलं काहीतरी निवडतंच. फक्त ते काय, हे बाहेरून ओळखता येत नाही. भाऊ तीन वर्षं चोरच आहे. का, तर चोराला कुलपं उघडता येतात. घरी हा माणूस वडिलांना विचारल्याशिवाय मोटारसायकलची किल्लीसुद्धा उचलत नाही.

आमच्या ग्रुपमध्ये श्रीरामपूरची एक नर्स आहे. दिवसभर वॉर्डात सलाइन, इंजेक्शनं, नातेवाइकांची बोलणी. गेममध्ये ती कायम मारेकरी. तिला एकदा विचारलं, तू तरी वैद्य हो की, सवय आहे तुला. म्हणाली, “नको रे बाबा. रात्री तरी कुणी माझ्या जिवावर नको.”