आपला अग्नी आणि शेजाऱ्याची गंजी

नाताळ जवळ आला म्हणजे लातूर व नांदेडकडील आमच्या वस्त्यांत घरोघरी अग्नीचे काम वाढते. चुलीवर करंज्या-चकल्यांची कढई चढते, दारी ताऱ्याचा कंदील लागतो, गवताच्या गोठ्यापुढे मेणबत्त्या ठेवितात, आणि रात्री शेकोटीभोवती गायने चालतात. ह्याच दिवसांत घरात वेचलेला कापूस भरलेला असतो व परड्यात कडब्याची गंजी उभी असते. अशा वेळी ठिणगी पडून घर जळाले, तर पुष्कळ जण म्हणतात, "देवाची इच्छा!" हे म्हणणे योग्य आहे काय?

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे किल्लारी व आसपासची गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली आणि हजारो माणसे मेली. धरणी स्थिर ठेवणे कोणाच्या हाती नव्हते. तरी तेथेही जाड दगडी भिंती व मातीची जड माळवदे निजलेल्या माणसांवर कोसळली, हे सर्वांनी पाहिले. म्हणून पुढे नवी गावे वसविताना घरे निराळ्या रीतीने बांधण्यात आली. जी आपत्ती मनुष्याने आणिली नाही तिच्यातही जर त्याचे काही कर्तव्य असते, तर जो जाळ त्याने स्वतः पेटविला त्याविषयी ते किती अधिक असावे!

मोशेच्या नियमशास्त्रात, निर्गमाच्या 22 व्या अध्यायात, ह्याविषयी स्पष्ट आज्ञा आहे. काट्याकुट्यांना लागलेला जाळ पसरून दुसऱ्याचे धान्य जळाले, तर पेटविणाऱ्याने ते भरून द्यावे. त्याच्या मनात वाईट हेतू होता काय, असे तेथे विचारलेले नाही. कारण अग्नीला हेतू कळत नाही व बांधही कळत नाही. मुंबईत 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्री कमला मिल्सच्या आवारात गच्चीवरील उपाहारगृहांत आग लागून 14 जण प्राणास मुकले. ते आनंद करावयास आले होते. अग्नीने त्यांच्या आनंदाची भीड धरिली नाही.

कोणी म्हणेल, "इतकी सावधगिरी म्हणजे अविश्वास नव्हे काय?" आम्हांस तसे वाटत नाही. देवदूत झेलतील अशा भरवशावर मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्यास प्रभूने नकार दिला, तो अविश्वासाने नव्हे. मेणबत्ती जळती ठेवून, देव राखील म्हणून जो निजतो, तो तीच उडी टाकितो; आणि घरात निजलेल्या लेकरांना न विचारता आपल्याबरोबर ओढितो.

म्हणून, प्रिय वाचकहो, हे इतके अवश्य करा. निजण्यापूर्वी मेणबत्त्या विझवा व विजेच्या माळा बंद करा. शेकोटी गंजीपासून दूर पेटवा आणि उठताना तिच्यावर पाणी ओता. कढईतील तेल पेटल्यास मात्र पाणी ओतू नका. आच बंद करून झाकण घाला. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. वास येताच रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणास हात लावू नका, व बाहेर जाऊन 1906 ह्या क्रमांकावर कळवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजू नका. तिचा विषारी वायू दिसत नाही व त्याला वासही नसतो. कोणी भाजल्यास त्या जागी 20 मिनिटे साधे गार पाणी सोडा. तूप किंवा शाई लावू नका. आगीची वर्दी 101 वर द्या.

उपदेशकांनी ह्या गोष्टी नाताळापूर्वीच्या उपासनेत मंडळीस वाचून दाखवाव्या, आणि ज्या वृद्धेच्या घरी दिवा विझवावयास कोणी नाही तिच्याकडे रात्री एकास पाठवावे. शेजाऱ्यावर प्रीती करणे म्हणजे सणाला त्याच्या घरी फराळ पाठविणे एवढेच नव्हे. आपल्या चुलीतील ठिणगी त्याच्या गंजीपर्यंत जाऊ न देणे, हीही प्रीतीच होय.