लटक्या रश्श्याची कैफियत

नेपल्स शहरात रविवारच्या मध्यान्हभोजनासाठी 'जेनोवेझे' नावाचा जो रस्सा पिढ्यान्‌पिढ्या शिजत आला आहे, त्याचे विधान थोडक्यात असे की, गोमांसाचा एक स्वस्त आणि चिवट तुकडा घ्यावा, त्याच्या वजनाइतका, किंबहुना दुप्पट, कांदा चिरून त्याच्याभोवती रचावा, गाजर व सेलरी यांचा थोडा बारीक चुरा, तेल आणि घोटभर पांढरी वाइन घालून भांडे मंद आचेवर ठेवावे, आणि तीन-चार तासांनी कांद्याचा सोनेरी-पिंगट लगदा झाला म्हणजे त्यातून मांस उचलून बाजूस काढावे. यांतले शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे. कारण त्या लगद्यात घोळलेला पास्ता पहिल्या वाढणीत पानावर येतो आणि मांस दुसऱ्या वाढणीत, वेगळ्या ताटलीत. म्हणजे मागे राहिलेले चार धागे सोडले तर, पास्त्याच्या ताटलीपुरते मांसाने केवळ वास्तव्य केलेले असते, वहिवाटीचा हक्क सांगितलेला नसतो. घरात मांस आणण्याची ऐपत नसली किंवा ते वर्ज्य असण्याचा दिवस असला, की हाच रस्सा मांसावाचून रांधतात, आणि त्यास तेथे 'फिंता जेनोवेझे', म्हणजे लटकी जेनोवेझे, म्हणतात. हा लटकेपणाचा आरोप टिकण्यासारखा नाही असे माझे प्रामाणिक मत आहे, आणि प्रस्तुत लेख ही आरोपीच्या वतीने दाखल केलेली कैफियत समजावी.

नावाच्या पूर्वेतिहासात फार वेळ घालवण्याचे प्रयोजन नाही. नेपल्सवर 1503 पासून 1707 पर्यंत स्पेनचा अंमल होता, त्या काळी जेनोवाचे सावकार व व्यापारी त्या बंदरात मोठ्या दिमाखाने वावरत असत, आणि त्यांच्या खानसाम्यांकडून हा पदार्थ आला असे पुष्कळांचे म्हणणे आहे. परंतु खुद्द जेनोवात असा रस्सा कोणी रांधत नाही, आणि तेथल्या नावाने जगात जो पदार्थ प्रसिद्ध आहे तो तुळशीच्या जातीच्या हिरव्या पानांचा, लसूण घालून कुटलेला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. अंतोनियो लातिनी नावाच्या कारभाऱ्याने नेपल्समध्ये 1692 साली छापवलेल्या पाकग्रंथात टोमॅटोची 'स्पॅनिश पद्धतीची' चटणी सांगितली आहे. पुढे या शहराने टोमॅटोला असे काही डोक्यावर घेतले की टोमॅटोवाचून पास्ता ही कल्पनाच परमुलखातल्या माणसांना चमत्कारिक वाटू लागली. आणि तरीही त्याच शहराच्या या रश्श्यात टोमॅटोला आजतागायत मज्जाव आहे. तिखट नाही, मसाला नाही, टोमॅटो नाही, आणि आता मांसही नाही. एवढ्या नकारांनंतर उरले काय, असा प्रश्न कोणी विचारील तर तो रास्तच म्हटला पाहिजे.

उरला कांदा, आणि त्यातूनही पुष्कळ काही जायचे असते. कांद्यात शेकडा सुमारे 89 भाग पाणी असते, म्हणजे किलोभर कांदा चिरून भांड्यात टाकला तर त्यात 890 ग्रॅम पाणी आणि उरलेल्या मूठभर वजनात साखरा, तंतू, थोडी प्रथिने आणि सगळा स्वभाव. तो स्वभाव सुरी लागताच प्रकट होतो: जिवंत पेशीत निरनिराळ्या कोठड्यांत बंदिस्त असलेली विकरे आणि गंधकयुक्त द्रव्ये पेशी फुटताच एकमेकांस भिडतात, आणि त्यातून जो वायू निघतो तो चिरणाऱ्याच्या डोळ्यांचा समाचार घेतो. आच लागली की विकरांचा कारभार आटोपतो. पहिला अर्धा तास झाकणाखाली, थोड्या मिठासह, कांदा स्वतःच्याच पाण्यात तरंगत असतो आणि पाहणाऱ्याला वाटते की काही घडतच नाही. वस्तुतः या अवधीत फोडींच्या भिंती सैल होत असतात, पण जोवर भांड्यात पाणी आहे तोवर उष्णता शंभर अंशांच्या वर जाऊ शकत नाही, आणि म्हणून रंगही फारसा पालटत नाही. दुसऱ्या तासात झाकण किंचित कलते ठेवावे. मग आवाज बदलतो. पातळ खळखळ मंदावून जाडसर रटरट सुरू होते, गवती रंगावर मधाची झाक येते, आणि पळी तळावरून ओढली तर मागे वाट पडून ती हळूहळू मिटते. साखरा आणि प्रथिनांचे घटक यांच्या संयोगाने अन्नाला जो पिंगट रंग व खमंगपणा येतो, त्याचे वर्णन लुई-कामीय मायार या फ्रेंच रसायनज्ञाने 1912 साली केले. कढईत चुरचुरणाऱ्या कांद्यात ते कार्य मिनिटांत उरकते, येथे ओल्या लगद्यात तेच तासन्‌तास, कोठेही काळे न पडता, सावकाश चालते. बुडाला लागू लागले तर चमचाभर पाणी शिंपडून खरवड सोडवून घ्यावी, कारण रंगाचा खजिना त्या खरवडीतच असतो. कडेने तेल सुटू लागले की काम झाले. किलोभर कांद्याचे जे काही उरते ते लहानशा वाडग्यात मावते.

आपल्याकडे कांद्याशी व्यवहार वेगळ्या रीतीचा आहे. वाटणासाठी आपण कांदा खरपूस भाजतो, कधी थेट निखाऱ्यावरच टाकतो, आणि त्याची करपलेली कड हाच त्याचा मोठेपणा मानतो. मग त्यात सुके खोबरे, लसूण, धणे, मिरी, लवंग अशी भर पडत जाऊन रस्सा सिद्ध होतो. ही बेरजेची पाकविद्या आहे आणि तिच्याविरुद्ध माझी यत्किंचितही तक्रार नाही. नेपल्सचा हा रस्सा मात्र आरंभापासून अखेरपर्यंत वजाबाकी आहे, आणि मांस वगळणे ही त्या वजाबाकीची एक पायरी आहे, एवढेच माझे म्हणणे. मांस गेले म्हणजे मांसाची चव गेली, हा आक्षेपही वाटतो तितका निर्विवाद नाही. कांदा चिरून शिजवला असता त्यात एक गंधकयुक्त द्रव्य तयार होते, ज्याचा वास अत्यल्प प्रमाणातही मांसाच्या रश्श्यासारखा येतो. रसायनज्ञांनी ते कच्च्या कांद्यातून वेगळे ओळखून 2000 साली प्रसिद्ध केले. म्हणजे जेनोवेझेचा जो सुगंध लोक इतके दिवस निःशंकपणे मांसाच्या खाती जमा करीत आले, त्यातली काही रक्कम मुळात कांद्याची होती. म्हणूनच, मांसाच्या रिक्त जागेवर मशरूमची किंवा सोयाबीनच्या वड्यांची हंगामी नेमणूक करण्याची जी रीत हल्ली दिसते ती मला अनावश्यक वाटते. जी जागा रिक्तच नाही ती भरायची कशाला?

या ठिकाणी एका गैरसमजाचा परामर्श घेणे प्राप्त आहे. अशा पदार्थांना 'गरिबांचे अन्न' म्हणून गौरवण्याची एक प्रथा सुखवस्तू लोकांत पडली आहे, आणि त्या गौरवात दारिद्र्य हे जणू पाककलेचे गुरुकुल असावे असा सूर लागतो. इटलीच्या संसदेने 1951 साली देशातल्या दारिद्र्याची जी चौकशी आरंभली, तिच्या दफ्तरात अशा लक्षावधी कुटुंबांची नोंद झाली की ज्यांच्या घरी मांस, साखर आणि मद्य या वस्तू येतच नव्हत्या. त्या कुटुंबांतील गृहिणीला मांस वगळण्याचे काही तत्त्वज्ञान सांगायला कोणी गेले असते, तर तिने त्याचा योग्य तो समाचार घेतला असता. शिवाय कांदा स्वस्त असला तरी तीन तासांची आच स्वस्त नसते. कोळशाच्या शेगडीवर तिला कोळसा पुरवावा लागतो, आजच्या शेगडीवर सिलिंडरचा हिशेब ठेवावा लागतो. आणि त्याहून मोठा खर्च म्हणजे त्या भांड्यापासून फार लांब जाऊ न शकणाऱ्या व्यक्तीचा वेळ, जो कोणत्याही जमाखर्चाच्या वहीत मांडला जात नाही, कारण ती व्यक्ती बहुधा घरातील स्त्री असते. म्हणून मंद आचेची स्तुती करणाऱ्याने, निदान एकदा तरी, ती आच सांभाळणाऱ्याच्या जागी उभे राहावे, आणि मग खुशाल स्तुती करावी. मी ती करतो, पण या अटीवर.

मांसत्यागाचे दुसरे कारण धार्मिक. आणि तेथे कांद्याचे नशीब देशपरत्वे कसे पालटते ते पाहण्याजोगे आहे. कॅथॉलिक पंथात पूर्वी ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या व्रतात आणि शुक्रवारी मांस वर्ज्य असे, मासळी मात्र ग्राह्य. व्हेनिसमध्ये अशा दिवशी 'बीगोली' नावाचा जाड, खरखरीत पास्ता मंद शिजवलेल्या कांद्यात खारवलेली बारीक मासळी विरघळवून खातात, आणि व्रतभंग झाला असे कोणाच्या मनातही येत नाही. आमच्याकडे आषाढी एकादशीला चातुर्मास बसला की पुष्कळ घरांतून वांग्याबरोबर कांदा-लसूणही हद्दपार होतात, आणि तत्पूर्वी आषाढ शुद्ध नवमीस, म्हणजे कांदेनवमीस, कांद्याची भजी, कांद्याचे थालीपीठ, कांद्याची भाजी असा सारा अनुशेष एका दिवसात भरून काढण्याचा प्रघात आहे. तिकडे जो कांदा व्रतस्थाच्या ताटाचा आधार, तोच इकडे भोगाचा आणि तामसपणाचा प्रतिनिधी म्हणून चार महिने तडीपार! यांत कोणाचे धर्मशास्त्र अधिक शुद्ध, याचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. मला एवढेच दिसते की त्याग कशाचा करायचा हे त्या त्या समाजाच्या जिभेला आधी कशाची ओढ आहे यावर ठरते, आणि ज्या वस्तूवर बंदी येते तिला त्या बंदीमुळेच एक प्रतिष्ठेची सनद मिळून जाते.

हा पदार्थ खाऊन मनाला जो निवांतपणा लाभतो त्याचे कारण मी अनेकदा शोधले. मेतकूट-भाताने लाभतो तोच हा निवांतपणा, आणि दोन्ही ठिकाणी पहिल्या घासाची व शेवटच्या घासाची चव एकच असते. सणाचे जेवण वैचित्र्याने रिझवते. कोशिंबिरीनंतर वरण, वरणानंतर पुरण, आणि प्रत्येक पदार्थ आपापली दाद मागत असतो, जी देता देता जेवणारा थकतो. आजारातून उठलेल्या, प्रवासाने शिणलेल्या किंवा दिवसभर इतरांच्या अर्जांवर शेरे मारून कंटाळलेल्या माणसाला पानावर बसल्यावर पुन्हा न्यायाधीशाची भूमिका नको असते. कांद्याचा हा लगदा दातांना विरोध करीत नाही, जिभेला कोडे घालीत नाही; त्यातला गोडवा साखर घालून आणलेला नसल्यामुळे तो पुढेपुढेही करीत नाही. काही पाकपुस्तकांत वेळ वाचवण्यासाठी चमचाभर साखर घालण्याची सूचना असते. ती पाळू नये.

आता प्रत्यक्षाकडे. कांपानिया प्रांतातील माँतोरो या गावचा तांबूस कांदा तेथे या कामी नावाजलेला आहे. आपल्याकडे तो मिळण्याचा संभव नाही आणि त्यावाचून अडतही नाही. लासलगावच्या बाजारात चाळीतून येणारा उन्हाळी कांदा तिखट खरा, पण तो पावसाळी लाल कांद्यापेक्षा कमी पाणचट असल्याने रश्श्याला अंग चांगले धरतो, आणि त्याचा तिखटपणा दुसऱ्या तासाला मागमूसही ठेवीत नाही. अलिबागचा, माळा ओवून विकला जाणारा पांढरा कांदा मुळातच गोड, पण तो कच्चा खाण्याचीच चीज आहे, तो शिजवणे मला उधळपट्टी वाटते. चौघांना किलो-सव्वा किलो कांदा आणि साडेतीनशे ग्रॅम पास्ता हे प्रमाण सुखाचे. नेपल्सच्या दक्षिणेस ग्रान्यानो या गावी, ज्याच्या पास्त्याला युरोपीय संघाने 2013 साली भौगोलिक संरक्षण दिले, आपल्याकडच्या बन्सीच्या जातीच्या कडक गव्हाचा रवा काशाच्या साच्यांतून दाबून जे अनेक प्रकार करतात, त्यांतला 'झीती' हा लांब पोकळ नळीचा प्रकार या रश्श्यासाठी मुक्रर झालेला आहे. तो हातांनी मोडून घेतात; मोडताना ज्या किरकोळ कपच्या उडतात त्याही गोळा करून पाण्यात टाकतात, कारण त्यांच्यामुळे रस्सा आणखी दाट होतो. आपल्या दुकानांत झीती क्वचितच दिसते, तेव्हा आखूड नळीचा कोणताही पास्ता चालवून घ्यावा.

वरून किसलेले पार्मिजानो चीज घालतात, आणि निरामिष म्हणवणाऱ्या या पदार्थाचा मोकदमा येथे नव्याने उभा राहतो. पार्मिजानो-रेज्यानो करताना दूध विरजण्यासाठी वासराच्या जठरातले रेनेट वापरावे असा त्याच्या नियमावलीचाच दंडक आहे, आणि पेकोरिनो रोमानोसाठी कोकराचे. इटालियन माणसाच्या हिशेबी ताटात मांस नाही म्हणजे प्रश्न मिटला, परंतु आमच्या शाकाहाराची तपासणी ताटापाशी न थांबता गोठ्यापर्यंत मागे जाते. ज्यांना ती अडचण आहे त्यांनी पाकिटावर हिरवा ठिपका असलेले, चांगले मुरलेले चीज घ्यावे आणि मूठ थोडी सैल ठेवावी. नेपल्सचा कोणी रहिवासी यास हरकत घेईल, तर त्याचा अर्ज मी आदरपूर्वक दाखल करून घेईन. त्यावर निकाल देण्यास मात्र, पास्ता निवत असल्यामुळे, मला सवड होणार नाही.