नोटर डेमचं वतन

कुठल्याही टीमला 'ओव्हररेटेड' म्हणताना आपण मनात एक वजाबाकी करत असतो. नाव वजा कामगिरी. नाव जास्त भरलं की टीम ओव्हररेटेड. पण ही वजाबाकी खरी व्हायची तर दोन्ही आकडे वेगवेगळ्या ठिकाणांहून यायला हवेत. अमेरिकेतल्या नोटर डेम विद्यापीठाच्या फुटबॉल टीमबाबत ते तसे येत नाहीत, आणि मला या वादात रस आहे तो तेवढ्यासाठीच.

आधी थोडी ओळख. हा फुटबॉल म्हणजे मेस्सीचा नाही, हेल्मेट घालून धडका देण्याचा. अमेरिकेत कॉलेजच्या मॅचेसना लाखभर लोक स्टेडियममध्ये बसतात. इंडियानातलं नोटर डेम हे कॅथलिक विद्यापीठ या खेळातलं जुनं घराणं. ते स्वतःची 11 राष्ट्रीय अजिंक्यपदं सांगतं: पहिलं 1924चं, शेवटचं 1988चं. म्हणजे आज तिथे खेळणाऱ्या एकाही पोराचा तेव्हा जन्म झालेला नव्हता. तरी दर हंगामात अर्धी अमेरिका विचारते, यांचं एवढं काय कौतुक?

कौतुक उगाच नव्हतं. कोच न्यूट रॉकनीच्या 13 हंगामांत (1918 ते 1930) 105 विजय, 12 पराभव, 5 बरोबरी. पुढे फ्रँक लीहीच्या हाताखाली 1946 ते 1949 या चार हंगामांत टीम एकदाही हरली नाही: 36 विजय, 2 बरोबरी. हे आकडे कुणाच्या मतावर अवलंबून नाहीत. इथे वजाबाकी केली तर नावच कमी पडेल.

गडबड पुढे आहे. नाव तयार झालं ते नुसत्या विजयांवर नाही. 1924मध्ये न्यूयॉर्कला आर्मीविरुद्धची मॅच नोटर डेमने 13-7 अशी जिंकली. ग्रँटलंड राइस या क्रीडापत्रकाराने टीमच्या चार खेळाडूंना बायबलमधल्या प्रलयाच्या चार घोडेस्वारांची उपमा दिली. टीमच्या प्रसिद्धीचं काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याने गावी परतल्यावर त्या चौघांना खरोखरच घोड्यांवर बसवून फोटो काढला. तो फोटो आजही फिरतो. मार्केटिंगची डिग्री नसताना!

आता या खेळातली सगळ्यात विचित्र गोष्ट: कित्येक दशकं राष्ट्रीय विजेता मैदानावर ठरतच नसे. अंतिम सामना नाही. पत्रकार मतं देत (एपीचा पोल 1936पासून सलग चालू आहे), कोच मतं देत, आणि ज्याला जास्त मतं तो विजेता. पहिल्या दोन टीम्सची गाठ घालून देणारी बीसीएस ही व्यवस्था आली 1998च्या हंगामात. म्हणजे नोटर डेमची अकराही अजिंक्यपदं त्याआधीची.

1966चं घ्या. 19 नोव्हेंबरला पहिल्या क्रमांकाची नोटर डेम आणि दुसऱ्या क्रमांकाची मिशिगन स्टेट समोरासमोर. स्कोअर 10-10. मिनिटभराहून थोडा जास्त वेळ उरलेला, बॉल नोटर डेमकडे. कोच आरा पार्सेगियनने जिंकायचा प्रयत्न न करता वेळ संपू दिला. पुढच्या आठवड्यात त्यांनी सदर्न कॅलिफोर्नियाला 51-0 असं धुतलं आणि मतदानात पहिले आले. त्या वर्षी अलाबामाने अकराच्या अकरा मॅचेस जिंकल्या होत्या. ती तिसरी.

मशीन लर्निंग केलेल्यांना हा घोटाळा ओळखू येईल. जे उत्तर मॉडेलने शोधायचं तेच इनपुटमध्ये झिरपलेलं असतं, मग अचूकता झकास दिसते. मत देणारा पत्रकार देशभरच्या सगळ्या मॅचेस पाहू शकत नव्हता. नाव मात्र त्याला माहीत होतं. नावाने मत दिलं, मताने पद दिलं, पदाने नाव मोठं केलं. आणि आपण विचारतो, पदं नावाला साजेशी आहेत का? साजेशी असणारच की.

पण माझी ही थिअरी सगळीकडे लागू पडत नाही. 1993मध्ये नोटर डेमने फ्लोरिडा स्टेटला 31-24 असं हरवलं, आठवड्याने बोस्टन कॉलेजकडून 41-39 अशी हरली. हंगामाअखेर दोघांच्या खाती एकेक पराभव, तरी पद फ्लोरिडा स्टेटला. तेव्हा नाव कामी आलं नाही. उलट 1956मध्ये टीम दहापैकी आठ मॅचेस हरलेली असताना तिच्या पॉल हॉर्नंगला सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी मिळाली. हरलेल्या हंगामातल्या टीममधून ती मिळवणारा तो एकटाच. सिराक्यूजचा जिम ब्राउन, जो पुढे या खेळातला दंतकथा झाला, त्या यादीत पाचवा होता. तो कृष्णवर्णीय होता. मतदारांच्या चष्म्याला एकच रंग नव्हता एवढंच.

अलाबामाबद्दल हळहळण्याआधी हेही: 1966ची त्यांची टीम पूर्ण गोरी होती. मिशिगन स्टेटचा बब्बा स्मिथ मूळचा टेक्सासचा, पण दक्षिणेतली मोठी विद्यापीठं त्याच्या रंगाच्या मुलांना घेत नव्हती म्हणून उत्तरेत आला. निम्म्या स्पर्धकांना दाराबाहेर ठेवून मिळवलेल्या अकरापैकी अकराचं काय करायचं? हा प्रश्न त्या काळातल्या जवळपास प्रत्येक ट्रॉफीला चिकटलेला आहे.

मला स्वतःला इतिहासापेक्षा त्याचा आज होणारा उपयोग जास्त खुपतो. जुन्या काळी पूर्वजाने पराक्रम करावा आणि नातवंडांनी वतन खावं, तसं हे आहे. 1991पासून एनबीसी नोटर डेमच्या घरच्या मॅचेस देशभर दाखवतं. मधल्या काळात टीम ओळीने नऊ बोल गेम्स हरली, 2007मध्ये बारापैकी नऊ मॅचेस हरली. कॅमेरा हलला नाही. टीव्हीवर दिसायचं म्हणून चांगली पोरं येतात, पोरं आली की टीम सावरते, आणि लोक म्हणतात, बघा, परंपरा!

फ्रेशर्सच्या भरतीत मी बसतो तेव्हा हेच पाहतो. रेझ्युमेवर कॉलेजचं नाव असतं, ते नाव वीस वर्षांपूर्वीच्या बॅचेसनी कमावलेलं असतं, आणि कोड वाचायच्या आधीच निम्मी यादी गळालेली असते. त्या गळालेल्यांनी कसं काम केलं असतं याचा डेटा आपल्याकडे कधीच येत नाही.

नोटर डेमच्या बाजूने एक गोष्ट मात्र बोलायला हवी. 1953मध्ये ती अपराजित होती आणि काही रेटिंगवाल्यांनी तिला पहिलं ठरवलं होतं, पण एपीचं मत मेरीलँडला गेलं. विद्यापीठ ते पद आपल्या अकरात धरत नाही. अलाबामाचा हिशेब निराळा. त्यांच्या 18 अजिंक्यपदांत 1941 आहे. त्या वर्षी ते दोन मॅचेस हरले होते आणि एपीच्या यादीत विसावे होते. एका गणिती पद्धतीने त्यांना पहिलं ठरवलं, तेवढ्या आधारावर ते वर्ष कित्येक दशकांनी यादीत चढवलं गेलं.

अकरापैकी अकरा जिंकलेलं 1966 त्या यादीत नाही.