वीस वर्षांची वेस

कॅनडातल्या ज्युनिअर आइस हॉकीच्या संघाला वयाची अट जन्मापासूनच चिकटलेली असते. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा येतो, तीन-चार हिवाळे खेळतो आणि विशीच्या आसपास त्याला जावंच लागतं. तो फारच चांगला असेल तर त्याआधीच वरचे संघ त्याला उचलतात. म्हणजे संघाने आपलं काम उत्तम केलं याची खूण हीच, की त्याचा उत्तम खेळाडू आता त्याच्याकडे नाही. अशा संघाचा इतिहास लिहायला बसलं की हाताला नक्की काय लागतं? खेळाडू दर चार वर्षांनी पार बदललेले, प्रशिक्षक येऊन-जाऊन, कित्येकदा साखळी स्पर्धाही बदललेली. तरी एक नाव नव्वद-नव्वद वर्षं टिकतं आणि त्या नावासाठी एक अख्खं गाव हिवाळाभर जागतं. हे टिकणं कशाच्या बळावर, हा प्रश्न मला सगळ्या जय-पराजयांहून मोठा वाटतो. आणि तो विचारायला फ्लिन फ्लॉनइतकी योग्य जागा दुसरी नाही.

फ्लिन फ्लॉन हे मॅनिटोबा प्रांताच्या उत्तरेचं खाणगाव, सॅस्कॅचेवानच्या सीमेवर असं बसलेलं की त्याचा एक तुकडा पलीकडच्या प्रांतात पडतो. टॉम क्रेटन या खनिजशोधकाला 1915 च्या सुमारास इथे तांब्या-जस्ताचा मोठा साठा सापडला. त्याच्या वाचनात ‘द सनलेस सिटी’ नावाची एक साधीशीच कादंबरी आली होती. तिचा नायक फ्लिंटाबॅटी फ्लोनाटिन पाणबुडीतून एका अथांग तळ्यात उतरतो आणि पृथ्वीच्या पोटातल्या सोन्याने मढलेल्या प्रदेशात पोहोचतो. त्या नायकाचं नाव तोडून गावाला दिलं गेलं. 1927 मध्ये खाणकंपनी उभी राहिली, पुढच्याच वर्षी रेल्वे आली. गाव उघड्या कातळावर वसलेलं. खडक इतका कठीण की पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळ जमिनीखाली पुरताच येईनात. ते लाकडी पेट्यांत घालून जमिनीवरूनच नेले गेले, आणि लोक त्या पेट्यांवरून पायवाटेसारखे चालू लागले. याच कातळावर गावाच्या उभारणीबरोबर, 1927 मध्येच, ‘बॉम्बर्स’ हा हॉकी संघ जन्माला आला. खाण आणि संघ एका वयाचे.

मला या दोघांची तुलना टाळता येत नाही, कारण तिथल्या माणसांनी ती कधी टाळलीच नाही. कंपनी संघाच्या पाठीशी होती. बाहेरून आलेल्या खेळाडूंना खाणीत किंवा कारखान्यात काम मिळे, सराव आणि सामने सांभाळून काही तास पाळी भरायची आणि पगार घ्यायचा. सामन्याच्या रात्री गॅलरीत बसणारे लोक सकाळी त्यांच्याच शेजारी हेल्मेट चढवणारे असत. कंपनी फक्त मायाळू होती असं मात्र कुणी समजू नये. 1934 मध्ये याच गावात कामगारांचा कडवा संप झाला, 1971 मध्ये दुसरा संप महिनोन्‌महिने चालला. जी कंपनी मजुरीसाठी झगडायला लावते तीच पोरांच्या खेळाला आसरा देते, हा विरोध खाणगावांत वाढलेल्या माणसाला नवा नसतो. तिथल्या मुलांना दोन्ही गोष्टी एकदमच कळत असणार.

1957 हे या संघाचं सोन्याचं वर्ष. कॅनडाच्या ज्युनिअर हॉकीचा सर्वोच्च चषक म्हणजे मेमोरियल कप. पहिल्या महायुद्धात मेलेल्या कॅनेडियन सैनिकांच्या स्मरणार्थ तो 1919 मध्ये सुरू झाला. युद्धात मेले ते बहुतेक विशी-पंचविशीचे, आणि त्यांची आठवण खेळणाऱ्या विशीतल्या मुलांवर सोपवली गेली. स्मारकांच्या सगळ्या दगडांपेक्षा ही कल्पना मला जास्त सजीव वाटते. अंतिम फेरीत बॉम्बर्ससमोर ऑटवा-हल कॅनेडियन्स होते. मॉन्ट्रियलच्या बलाढ्य व्यावसायिक संघाने पोसलेला संघ, प्रशिक्षक सॅम पोलॉक, त्याचा मदतनीस स्कॉटी बोमन. पुढे या दोघांनी मॉन्ट्रियलसाठी जे साम्राज्य उभं केलं ते हॉकीच्या इतिहासात अजोड आहे. दुसऱ्या बाजूला बॉबी कर्क या प्रशिक्षकाची खाणगावातली मुलं, कर्णधार टेड हॅम्पसन. मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली आणि बॉम्बर्सनी ती 4-3 अशी जिंकली. आर्क्टिकच्या वाटेवरच्या एका लहानशा गावाचं नाव त्या चषकावर कोरलं गेलं, आणि ते अजून तिथे आहे.

त्या विजेत्या संघातला एक खेळाडू, पॅट गिनेल, दहा वर्षांनी प्रशिक्षक म्हणून गावात परतला. त्याच्या हाती दोन मुलं होती. बॉबी क्लार्क गावातलाच, खाणकामगाराचा मुलगा, स्वतःही खाणीत काम केलेला. रेजी लीच दक्षिणेकडल्या रिव्हर्टनचा, ओजिब्वे आदिवासी समाजातला, आजी-आजोबांकडे गरिबीत वाढलेला. 1967-68 च्या हंगामात लीचने 87 गोल केले, आणि क्लार्कने 51 गोल स्वतः करून 117 गोल इतरांकडून करवून घेतले. मला दुसरा आकडा जास्त काही सांगतो. पक, म्हणजे खेळातली चकती, कुठे जाणार आहे हे ज्याला आधी कळतं आणि जो तो दुसऱ्याच्या काठीवर ठेवतो, असा खेळाडू संघ या कल्पनेचाच अर्थ शिकवतो.

पण क्लार्कला मधुमेह होता. 1969 मध्ये व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडायला बसले तेव्हा त्याला घ्यायला कचरत होते. इन्शुलिनवर जगणारा मुलगा शहात्तर सामन्यांचा हंगाम कसा पेलणार? गिनेल त्याला मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमध्ये घेऊन गेला आणि नीट काळजी घेतली तर हा मुलगा खेळू शकतो असं डॉक्टरांकडून वदवून आणलं. तरीही फिलाडेल्फियाच्या संघाने पहिल्या फेरीत दुसराच खेळाडू निवडला आणि क्लार्कला सतराव्या क्रमांकावर घेतलं. 1974 आणि 1975 मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली त्या संघाने व्यावसायिक हॉकीचा सर्वोच्च स्टॅन्ली चषक जिंकला. दुसऱ्या वर्षी लीचही त्याच्या शेजारी होता. 1975-76 च्या हंगामात लीचने 61 गोल केले. एका प्रशिक्षकाने आपल्याकडून जाणार हे ठाऊक असलेल्या मुलासाठी इतका प्रवास करावा, यात ज्युनिअर हॉकीचा सगळा धर्म आहे. डॉक्टरांच्या त्या दाखल्याचा बॉम्बर्सना काडीचा उपयोग नव्हता.

गावाने या मुलांना जे दिलं ते सगळंच उजळ होतं असं मी म्हणणार नाही. गिनेलचे संघ दांडगाईसाठी ओळखले जात. 1972 मध्ये मॉस्कोत सोव्हिएत संघाविरुद्ध खेळताना क्लार्कने व्हालेरी खार्लामोव्हच्या घोट्यावर काठी हाणून तो जायबंदी केला. ज्याला दुसऱ्याच्या मनातली चाल कळते त्याच्याच हातून हे घडावं, याचं मला दुःख होतं, आणि कोवळ्या वयात ‘जिंकायचंच’ असं शिकवणाऱ्या सगळ्यांना त्यातला वाटा उचलावा लागेल असंही वाटतं.

कारण ज्युनिअर खेळाडू म्हणजे मुळात दुसऱ्याचं मूल. तो घर सोडून अनोळखी कुटुंबात राहतो, त्यांच्या ताटात जेवतो, तिथल्या शाळेत जातो. त्याचे आईवडील शेकडो किलोमीटर दूर. प्रशिक्षकाच्या हाती त्याची सगळी उमेद असते. सॅस्कॅचेवानच्या स्विफ्ट करंटमध्ये हा विश्वास कसा मोडला हे कॅनडाला उशिरा कळलं. 30 डिसेंबर 1986 ला तिथल्या ब्रॉन्कोज संघाची बस उलटून चार खेळाडू गेले. त्या संघाने 1989 मध्ये मेमोरियल कप जिंकला तेव्हा देशाने त्यांच्या धीराचं कौतुक केलं. त्याच संघाचा प्रशिक्षक मुलांचं लैंगिक शोषण करत होता. 1997 मध्ये तो तुरुंगात गेला आणि शेल्डन केनेडी या त्याच्या जुन्या खेळाडूने स्वतःचं नाव लपवायचं नाकारून सगळं सांगितलं. चषक जिंकायला लागतं त्याहून कितीतरी अवघड धैर्य ते होतं.

आणि रस्ते. प्रेअरीच्या मैदानी मुलखातलं ज्युनिअर हॉकी हे निम्मं बर्फावर आणि निम्मं बसमध्ये घडतं. 6 एप्रिल 2018 ला हम्बोल्ट ब्रॉन्कोजची बस बाद फेरीच्या सामन्यासाठी निपाविनला निघाली होती. एका चौकात ती मालट्रकवर आदळली. सोळा जण गेले, तेरा जखमी झाले. हम्बोल्ट हा बॉम्बर्सच्याच साखळीतला संघ. बाद फेरीसाठी मुलांनी एकजुटीने केस पिवळे रंगवले होते. त्या गोंधळात दोन मुलांची ओळख उलटसुलट झाली: एका घराने जिवंत मुलासाठी शोक केला, दुसरं घर परक्या मुलाच्या उशाशी बसून राहिलं. तेव्हापासून ‘एकरूप संघ’ हे शब्द मला पूर्वीसारखे सहज उच्चारता येत नाहीत. संघाचं नाव मुलाला किती गिळतं आणि गावाने त्या नावाखालचा एकेक चेहरा किती जपायला हवा, हे त्या दिवसाने दाखवलं.

फ्लिन फ्लॉनकडे परत येतो. 1978 मध्ये वरच्या साखळीत टिकणं गावाला परवडेना. संघाचा परवाना एडमंटनला गेला. कागदोपत्री बॉम्बर्सचा वारसा त्या मोठ्या शहराकडे गेला आणि पुढे तिथूनही हलला. पण गावात त्याच नावाने, खालच्या पातळीवर मुलं खेळत राहिली, आणि 1984 मध्ये ती सॅस्कॅचेवानच्या ज्युनिअर साखळीत दाखल झाली. मग खरा संघ कोणता, परवाना ज्याच्याकडे तो की नाव ज्याच्याकडे तो? बौद्ध भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला दिला होता. पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच की निराळी? राजाला तो दाखला पटला. पण त्या दाखल्यात तेल कोण घालतं हे कुणी विचारत नाही. फ्लिन फ्लॉनमध्ये मला तेल घालणारेच दिसतात: परक्या मुलाला आपल्या मुलाच्या खोलीत जागा देणारी बाई, पहाटे बर्फ तयार करणारा माणूस, लॉटरीची तिकिटं खपवून बसच्या डिझेलची सोय करणारी समिती. वारसा विकता येतो, हा खटाटोप विकता येत नाही. म्हणून परवाना गेला तरी बॉम्बर्स गेले नाहीत.

खाण मात्र गेली. मुख्य खाण 1992 मध्ये बंद झाली, भट्टी 2010 मध्ये थंडावली. तिची 251 मीटर उंच चिमणी धुराविना उभी राहिली. शेवटची ‘777’ खाण जून 2022 मध्ये बंद पडली. एके काळी दहा हजारांवर गेलेली वस्ती आता पाच हजारांच्या आसपास आहे. कातळातून निघालेलं तांबं आणि जस्त जगभर गेलं, त्यातलं गावात परत काही आलं नाही. शेवटची खाण बंद व्हायच्या त्याच वसंतात बॉम्बर्स साखळीच्या अंतिम फेरीत खेळले आणि एस्टेव्हानकडून हरले. पुढच्या वर्षी पुन्हा अंतिम फेरीत पोहोचले आणि पुन्हा हरले. 1957 च्या संघाला खाणीने पोसलं होतं, या संघाच्या डोळ्यांदेखत खाण संपली. तरीही व्हिटनी फोरम ही जुनी रिंक भरत होती. या रिंकला नाव दिलं आहे ते खाणीत भांडवल घालणाऱ्या व्हिटनी घराण्याचं, आणि तिथे मोठा विजय मिळाला की प्रेक्षकांतून शिकार केलेल्या मूस या मोठ्या हरणाची अख्खी तंगडी बर्फावर फेकण्याची रीत आहे. आता आत बसणाऱ्यांत त्या कंपनीच्या पगारावरचं फारसं कुणी नाही. बर्फावरची मुलंही बहुतेक परगावची, कुणी सॅस्कटूनकडची, कुणी अमेरिकेतून आलेली; क्लार्क किंवा हॅम्पसन ही नावं त्यांनी छताखाली टांगलेल्या पताकांवरून वाचलेली. दर ऑगस्टमध्ये नवी तुकडी चाचणीला येते, आणि गावातली घरं त्यांच्यासाठी खोल्या रिकाम्या करायला लागतात.