पावलांचा मोबदला

मोबाईल खिशात ठेवून चालावे. त्यातले ॲप पावले मोजते, त्यांची नाणी करते आणि त्या नाण्यांवर खरेदीत, प्रवासात सूट मिळते. लंडनच्या 'स्वेटकॉइन'मध्ये १००० पावलांना साधारण एक नाणे पडते. तरुण वारकरी विचारतात, "महाराज, आळंदीहून पंढरीला चालायचेच आहे, मग नाणी घेतली तर बिघडले काय?"

प्रश्न रास्त आहे. वाटचालीने देह निरोगी राहतो, तेही फळच. पण ते आनुषंगिक. मागितले नव्हते, आपसूक आले. त्याला दोष नाही. नाण्याचेही तसेच मानता येईल. मात्र दिवे घाटात फोनची बॅटरी संपली आणि "आजची चाल फुकट गेली" असे मनात आले, तर समजावे की नेमाची वारी काम्यकर्म झाली.

आणि त्या यंत्राला कळते तरी काय? ते हिसके मोजते. फोन हातात धरून नुसता हलवला तरी पुष्कळदा आकडा वाढतो! (असे करणारे महाभागही आहेतच.) १०,००० पावलांचे जे प्रस्थ माजले आहे, त्याचे मूळही शास्त्रात नव्हे, तर जपानात १९६५ साली विकायला आलेल्या एका पाऊलमोजणी यंत्राच्या नावात आहे.

विसाव्यावर दमल्या म्हातारीचे पाय चेपीत तासभर बसलात, तर त्या तासाची नाणी शून्य. आकड्याकडे डोळा असलेला पोरगा तिथे बसेल का, याची मला खरी काळजी वाटते. फोन न्या बापहो, घरी खुशाली कळवायला तो लागतो; पण ते मोजमाप आळंदीलाच बंद करा.